सॅम्पल परत पाठवणाऱ्यांच्या बाजूने

रात्रीचे दोन वाजून गेले होते. बाहेर पाऊस लागून राहिलेला, लॅबमध्ये मी एकटी. मेडिसिन वॉर्डातून वॉर्डबॉय मामा एक प्लेन बल्ब घेऊन आले, म्हणजे रक्त घ्यायची लाल झाकणाची नळी, जिच्यात रक्त गोठू नये म्हणून काही घातलेलं नसतं. सोबतच्या कागदावर सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन, आणि वर ठळक अक्षरात ‘अर्जंट’. पेशंट अठ्ठावन्न वर्षांचे, दोन दिवस जुलाब होऊन दाखल झालेले. बल्ब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला, सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तापासून वेगळं होणारं पिवळसर पाणी, मशीनवर लावलं आणि थोड्या वेळाने पडद्यावर पोटॅशियमचा आकडा आला : ८.१.

पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या मध्ये असावं लागतं. आठच्या वर गेलं तर हृदय कधी बंद पडेल सांगता येत नाही. असा आकडा दिसला की हात आपोआप फोनकडे जातो, माझाही गेला. पण खालच्या ओळीत कॅल्शियम होतं ३.४. साडेआठ ते साडेदहा असायला हवं तिथे ३.४. इतकं कॅल्शियम उतरलेल्या माणसाच्या हातापायात पेटके यायला हवेत, झटके यायला हवेत. आणि बल्ब घेऊन आलेले मामा तर म्हणाले होते, “बरे आहेत की बाबा. मघाशी चहा मागत होते.”

पोटॅशियम भलतंच वर आणि कॅल्शियम भलतंच खाली, ही जोडी लॅबमध्ये काम करणाऱ्याला ओळखीची असते. जांभळ्या झाकणाच्या बल्बमध्ये, म्हणजे ज्यातून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करतात त्यात, ईडीटीए नावाचं रसायन असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. आणि हे ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं. जांभळ्या बल्बमधलं थोडंसं रक्त लाल बल्बमध्ये गेलं, की जे आकडे येतात ते पेशंटचे राहत नाहीत.

मी वॉर्डात फोन लावला. “सिस्टर, या बल्बमध्ये रक्त थेट काढलं होतं का?”

क्षणभर पलीकडून आवाज नाही. मग, “मॅडम, नसच मिळत नव्हती. प्लेनमध्ये कमी पडलं, म्हणून सीबीसीच्या बल्बमधलं थोडं टाकलं.”

“मग हे सॅम्पल चालणार नाही. नवीन काढावं लागेल.”

“आत्ता? बेचाळीस पेशंट आहेत मॅडम, आणि मी एकटी आहे.”

तेवढ्यात आरएमओंनी, म्हणजे ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरांनी, फोन घेतला. त्यांना आकडा हवा होता, आला की लगेच इन्सुलिन आणि ग्लुकोज चालू करणार होते. वाढलेलं पोटॅशियम खाली आणायचा तो योग्यच उपाय आहे. पण पोटॅशियम मुळात वाढलेलंच नसेल तर? जुलाबाने आधीच थकलेल्या माणसाचं चांगलं असलेलं पोटॅशियम आपण आपल्या हातांनी खाली ढकलणार. मी सांगितलं, “सर, आकडा आठच्या वर आहे, पण तो पेशंटचा नाही, बल्बचा आहे. तुम्ही ईसीजी काढून बघा, मी येऊन रक्त काढते.” लॅबला कडी लावून गेले. ईसीजी साफ होता. दुसऱ्या हातातून रक्त काढलं. पोटॅशियम निघालं ४.२. रिपोर्ट गेला तेव्हा सव्वातीन वाजले होते.

सकाळी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला. अर्जंट रिपोर्टला सव्वा तास का लागला? आणि ड्यूटीवर असताना लॅब सोडून का गेलात?

इतक्या वर्षांनी ती रात्र सांगतेय ती माझं शहाणपण दाखवायला नाही. ईडीटीएची ही जोडी डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षात शिकवतात. सांगतेय ती त्या सकाळच्या कागदासाठी. तो कागद देणारे कोणी वाईट लोक नव्हते. त्यांच्याकडे लॅबची सेवा मोजायचं एकच माप होतं, घड्याळ. सॅम्पल किती वाजता आलं, रिपोर्ट किती वाजता गेला. त्या मापात मी त्या रात्री नापास झाले होते. तोच ८.१ चा आकडा वीस मिनिटांत वर पाठवला असता तर पहिल्या नंबराने पास झाले असते.

माझं म्हणणं सरळ आहे. रुग्णालयाच्या लॅबची गुणवत्ता जोखायची असेल तर आधी विचारावं, गेल्या महिन्यात तुम्ही किती सॅम्पल परत पाठवली आणि कशासाठी? ज्या लॅबमधून महिनोन्महिने एकही सॅम्पल परत जात नाही, तिथे मी माझ्या घरच्या माणसाची तपासणी करून घेणार नाही. सगळीच सॅम्पल चांगली येतात अशी लॅब मी बावीस वर्षांत पाहिलेली नाही. खराब सॅम्पल मुकाट्याने चालवून घेणाऱ्या लॅब मात्र पाहिल्या आहेत.

चुका नेमक्या कुठे होतात, हे इटलीतल्या पादोवा शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाने चिकाटीने तपासलं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४०,४९० तपासण्यांमध्ये १८९ चुका सापडल्या. त्यातल्या ६८.२ टक्के चुका सॅम्पल मशीनवर लागण्याआधीच झालेल्या होत्या. प्रत्यक्ष तपासणीतल्या चुका १३.३ टक्के, आणि उरलेल्या रिपोर्ट तयार झाल्यानंतरच्या. दहा वर्षांनी त्यांनी तिथेच पुन्हा मोजणी केली. ५१,७४६ तपासण्यांत १६० चुका. एकूण प्रमाण घटलं होतं, पण मशीनवर लागण्याआधीच्या चुकांचा वाटा तरीही ६१.९ टक्के होता. म्हणजे पाचातल्या तीन चुका लॅबच्या दारात येईपर्यंत होऊन गेलेल्या.

आपल्याकडे मात्र लॅब सुधारायची म्हटलं की नवीन मशीन घेतात. फीत कापली जाते, फोटो निघतो, ‘पूर्णपणे स्वयंचलित’ असा फलक लागतो. मशीन हवंच, मी जुन्या कलरीमीटरवर काम केलेली बाई आहे, मला त्याची किंमत कळते. पण मशीनच्या आत शिस्त आली ती काही आपोआप नाही. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या रुग्णालयांच्या लॅबना तेच ते नमुने तपासायला पाठवले गेले होते, आणि समाधानकारक उत्तरांपेक्षा चुकीची उत्तरं जास्त आली होती. त्या धक्क्यानंतर हळूहळू सगळं बसत गेलं. १९५० साली लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी रोजच्या कंट्रोलचा, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेल्या नमुन्याचा, आलेख लॅबमध्ये आणला, १९८१ साली त्या आलेखावरून चूक ओळखायचे वेस्टगार्डचे नियम आले. आज आपल्याकडेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजकडून दर महिन्याला नमुना येतो, आपण तपासून उत्तर कळवतो, आणि देशभरातल्या लॅबच्या तुलनेत आपण कुठे आहोत ते कळतं. माझं उत्तर बाजूला गेलेलं दिसलं की तो महिना जिवाला चैन नसते. चूक मोजली गेली, चारचौघांत दिसली, म्हणून कमी झाली.

बल्ब लॅबमध्ये येण्याआधी जे घडतं त्याला असा आरसाच नाही. तिथला आरसा होऊ शकते ती सॅम्पल परत पाठवल्याची नोंदवही.

त्या आधीच्या टप्प्यात काय काय घडतं, हे वॉर्डाबाहेर फारसं कोणी पाहत नाही. आपल्याकडे अजून कितीतरी ठिकाणी रक्त सिरिंजने काढतात. मग घाईत सुईसकट सिरिंज बल्बच्या रबरी झाकणात खुपसून दट्ट्या जोरात दाबतात. बारीक सुईतून दाबाखाली गेलेल्या तांबड्या पेशी फुटतात. सेंट्रिफ्यूज केल्यावर सीरम पिवळसर यायच्या ऐवजी कोकमाच्या पाण्यासारखं लाल येतं. पेशींच्या आतलं पोटॅशियम बाहेर आलेलं असतं, एलडीएच, एएसटी ही पेशींतली एन्झाइम्सही वाढलेली असतात. खरं तर सुई काढून, झाकण उघडून, बल्बच्या भिंतीवरून रक्त ओघळू द्यायचं आणि मग बल्ब हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटासुलटा करायचा, एवढंच आहे. मिक्सरसारखा हलवायचा नाही.

ग्लुकोजचं सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त काढलं की ग्लुकोज चारशे, सोडियम खाली, हिमोग्लोबिन पातळ. दंडाला बांधलेला पट्टा नस शोधता शोधता तीन-चार मिनिटं तसाच राहिला की प्रथिनं, कॅल्शियम वर सरकतात. निळ्या झाकणाचा बल्ब खुणेपर्यंत भरावाच लागतो, कारण त्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) असा हिशेब असतो. अर्धाच भरला तर सायट्रेट जास्त होऊन रक्त गोठायला उशीर लागल्याचं दिसतं. हृदयाची झडप बदललेला पेशंट असेल, रक्त पातळ राहण्याची गोळी चालू असेल, तर डॉक्टर तो रिपोर्ट पाहून गोळी कमी करतात. गुठळीचा धोका तिथून सुरू होतो, आणि पुढे काही झालं तर कोणाच्या डोक्यातही येत नाही की सुरुवात अर्ध्या भरलेल्या बल्बपासून झाली होती.

डेंग्यूच्या दिवसांत तर ही गोष्ट घराघरांत पोचते. जांभळ्या बल्बमध्ये रक्त नीट मिसळलं नाही की आत बारीक गुठळी होते आणि प्लेटलेट तिच्यात अडकतात. काही जणांच्या बाबतीत तर ईडीटीएमुळेच प्लेटलेट एकमेकींना चिकटून पुंजके होतात. मशीन पुंजक्याला प्लेटलेट म्हणून मोजत नाही. एक लाख चाळीस हजार असलेल्या माणसाचा रिपोर्ट पस्तीस हजार येतो. मग घरातली माणसं रात्री अकरा वाजता मोटरसायकल काढून एका ब्लड बँकेतून दुसऱ्या ब्लड बँकेत पळतात, रक्तगटाचा दाता शोधायला व्हॉट्सॲपवर निरोप फिरतात, आई पपईची पानं वाटत बसते. रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट चढवायची गरज नसते, असं आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येच आहे. पण पस्तीस हजाराचा कागद हातात पडलेल्या मुलाला हे ऐकू येत नाही. एक काडी बल्बमध्ये फिरवून गुठळी आहे का पाहणं आणि काचपट्टीवर स्मिअर करून सूक्ष्मदर्शकाखाली नजर टाकणं, याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. गुठळी दिसली तर सॅम्पल परत. त्या वेळी काउंटरवर नातेवाईक ओरडतात, “एक सीबीसी करायला किती वेळ?” मला त्यांचा राग येत नाही. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं की ही पंधरा मिनिटं त्यांच्याच माणसासाठी आहेत.

आणि ऊन. २०१५ पासून राष्ट्रीय आरोग्य अभियानात मोफत तपासण्यांची सोय झाली. गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलेलं रक्त तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या लॅबमध्ये तपासलं जातं. ही फार मोठी गोष्ट आहे. माझ्या आजीला साध्या शुगरसाठी एसटीने चाळीस किलोमीटर जावं लागायचं. पण रक्त बल्बमध्ये आलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. सीरम वेगळं न करता ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला साधारण पाच ते सात टक्क्यांनी उतरते, उन्हात आणखी लवकर. उपाशीपोटी १३५ शुगर असलेली बाई, म्हणजे मधुमेहाची रेषा ओलांडलेली. तिचं रक्त प्लेन बल्बमध्ये पाच तास गाडीत फिरलं तर रिपोर्ट शंभरच्या आसपास येतो. नॉर्मल. ती घरी जाते. दोन-चार वर्षांनी पायाची जखम भरत नाही म्हणून परत येते. राखाडी झाकणाचा फ्लोराइडचा बल्ब यासाठीच असतो, पण त्यालाही काम सुरू करायला तास-दोन तास लागतात, त्यामुळे सीरम किंवा प्लाझ्मा लवकर वेगळा करण्याला तोड नाही. उलट कोणी काळजीने सगळे बल्ब बर्फात ठेवले, तर पेशींमधलं पोटॅशियम झिरपून बाहेर येतं. बॉक्सवर रक्त काढल्याची वेळ लिहिलेली नसेल तर यातलं काहीच लॅबला कळत नाही. माझ्या मते वेळ न लिहिलेलं शुगरचं सॅम्पल परत गेलं पाहिजे, मग ते कितीही लांबून आलेलं असो.

नावाची चूक तर याहूनही भयंकर. ती सीरमच्या रंगावरून दिसत नाही. बल्बवर लेबल आधीच चिकटवून ट्रेमध्ये मांडून ठेवायची आणि मग वॉर्डात फिरत रक्त काढायचं, ही सवय सगळीकडे आहे. एका वॉर्डात दोन सुनीता पाटील असणं आपल्याकडे काय नवलाचं? आणि आपण विचारतो कसं? “तुम्ही सुनीता पाटील ना?” अर्धवट झोपेतली, ऐकायला कमी येणारी, पांढऱ्या कपड्यांसमोर बुजलेली बाई “हो” म्हणते. कुठल्याही नावाला ती “हो” म्हणेल. विचारायचं असं, “आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा.” तिच्या तोंडून नाव येऊ द्यायचं, केस पेपरशी ताडायचं, रक्त काढायचं आणि लेबल तिच्या खाटेशीच लावायचं. दहा देशांतल्या रुग्णालयांच्या एका अभ्यासात, रक्तगटासाठी आलेल्या साधारण दोन हजार बल्बांमागे एकात लेबल एकाचं आणि रक्त दुसऱ्याचंच निघालं होतं. ब्लड बँकेत काम केलेल्या कोणालाही विचारा, दुसऱ्या गटाचं रक्त चढलं तर काय होतं. तिथे तरी जुना गट आणि नवा गट पडताळून पाहतात. साध्या क्रिएटिनिनच्या बल्बला तेवढंही नशीब नाही.

आता याची दुसरी बाजू आहे आणि ती खरी आहे. सॅम्पल परत पाठवणं फुकटचं नसतं. कोणालातरी पुन्हा सुई टोचावी लागते. एक किलो वजनाच्या, दिवसांआधी जन्मलेल्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ८०–९० मिलिलिटर रक्त असतं. त्यातलं एक मिलिलिटर काढणं म्हणजे मोठ्या माणसाचं पन्नासेक मिलिलिटर काढणं. एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, आलेला बल्ब हातात घेऊन मी कितीदा तरी थांबले आहे. तिथे मी सॅम्पल सरळ फेकत नाही. डॉक्टरांना फोन करते, यातलं काय विश्वासाने सांगता येईल आणि काय नाही ते सांगते, रिपोर्टवर तसं लिहिते. केमो घेऊन नसा आटलेल्या बाईंना पाचव्यांदा टोचायला सिस्टरचा हात उचलत नाही, तेही मला कळतं. पण या अडचणीचा अर्थ असा होतो की पहिल्याच वेळी रक्त नीट काढलं जायला हवं. खराब बल्ब चालवून घ्यावा, असा तो होत नाही. बाळाला दुसऱ्यांदा टोचणं वाईट. पहिल्या टोचण्यातून खोटा आकडा काढून त्यावर औषध देणं त्याहून वाईट.

बेचाळीस पेशंटांना एकट्या सिस्टर, हेही खरं. त्या रात्रीच्या सिस्टर माझ्या मनात कधीच गुन्हेगार नव्हत्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की एका बल्बमधलं दुसऱ्यात ओतायचं नाही. जांभळ्यात काय असतं हे त्यांच्या प्रशिक्षणात एका ओळीत येऊन गेलं असेल. सॅम्पल परत गेल्याची नोंद जर त्यांच्या गोपनीय अहवालात जाणार असेल, तर पुढच्या वेळी त्या मला खरं सांगणार नाहीत, आणि खरं कळलं नाही तर मला आकडा ओळखता येणार नाही. म्हणून नोंदवहीत कारण लिहावं, वॉर्ड लिहावा, पाळी लिहावी. नाव लिहू नये. रात्रपाळीत सॅम्पल जास्त परत जातात असं तीन महिने दिसलं, तर तो सिस्टरचा दोष राहत नाही, तो ड्यूटी लावणाऱ्यांपुढचा प्रश्न होतो. ही वही टेक्निशियनच्या इतकीच सिस्टरच्याही बाजूची आहे.

खासगी लॅबमध्ये अडचण वेगळी असते. तिथे कलेक्शन सेंटर चालवणारा मुलगा पाच-सहा हजारांचं डिपॉझिट भरून खुर्ची टाकून बसलेला, दिवसाला किती सॅम्पल दिली यावर त्याचं पोट. सॅम्पल परत केलं तर पेशंट पुढच्या लॅबमध्ये जातो, आणि पाठवणारे डॉक्टरही कधीकधी तिकडे वळतात. ज्या धंद्यात परत पाठवणाऱ्याचं गिऱ्हाईक जातं आणि चालवून घेणाऱ्याचं वाढतं, तिथे चांगुलपणावर किती दिवस विसंबायचं? यासाठी कायदा हवा, आणि महाराष्ट्रात तो नीट नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे, तो रुग्णालयांचा. गल्लीतल्या लॅबपर्यंत त्याचा हात पोचत नाही. पॅथॉलॉजी रिपोर्टवर पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत पॅथॉलॉजिस्टचीच सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं. ते बरोबरच आहे. पण सही रिपोर्टच्या खाली असते. तोवर बल्बचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता ज्यांनी घेतली, त्यांना आयएसओ १५१८९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सॅम्पल नाकारण्याचे निकष लिहून ठेवावे लागतात, नोंदी दाखवाव्या लागतात. ती मान्यता मात्र ऐच्छिक आहे. म्हणजे ज्यांना आरशात बघायचं आहे त्यांनीच बघायचं.

अमेरिकेतला एक दाखला मला फार मोलाचा वाटतो. १९८७ साली तिथल्या वर्तमानपत्रांनी उघड केलं की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पॅप स्मिअर तपासणीत काही लॅब टेक्निशियनना काचपट्टीमागे पैसे देतात, आणि ती माणसं दिवसभर डोळे फोडून पट्ट्यांमागून पट्ट्या बघत सुटतात. कर्करोगाच्या पेशी नजरेतून निसटत होत्या, बायका मरत होत्या. पुढच्याच वर्षी, १९८८ साली, लॅबसाठीचा कायदा कडक झाला, आणि त्याच्या नियमांत एक साधी मर्यादा आली : एका माणसाने चोवीस तासांत शंभरच्या वर पट्ट्या बघायच्या नाहीत. कायद्याने तिथे यंत्राकडे बघितलं नाही, काम करणाऱ्या माणसाच्या मानेवर बसलेल्या घाईकडे बघितलं. आपल्याकडे लॅबबद्दल जेव्हा केव्हा कायदा होईल, तेव्हा त्यात जागेचं क्षेत्रफळ, वॉश बेसिन, फलकाचा आकार हे सगळं येईलच. त्यात हेही यावं : टेक्निशियनने लेखी कारण देऊन सॅम्पल नाकारलं तर त्याबद्दल त्याच्यावर कारवाई करता येणार नाही, लॅबच्या किंवा वॉर्डाच्या चुकीसाठी पुन्हा काढलेल्या रक्ताचे पैसे पेशंटकडून घेता येणार नाहीत, आणि परत पाठवलेल्या सॅम्पलचा महिन्याचा तक्ता दर्शनी भागात लावावा लागेल. रेटकार्ड लावतो तिथेच, त्याच्या शेजारी.

रिपोर्ट बाहेर पडल्यानंतरच्या चुकांवर मी इथे फार लिहीत नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. एवढंच सांगते की जिवाला धोका असलेला आकडा फोन करून कळवायचा, ही पद्धत लंडबर्ग नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९७२ साली मांडली. अर्धशतक उलटलं तरी आपल्याकडे फोन केल्याची वेळ आणि घेणाऱ्याचं नाव लिहिणाऱ्या लॅब कमी आहेत. घेणाऱ्याने आकडा परत म्हणून दाखवायचा असतो, ते तर दुर्मिळच.

त्या खुलाशाचं पुढे काय झालं? मी एका पानात उत्तर दिलं, दोन्ही रिपोर्टच्या प्रती जोडल्या. काही उत्तर आलं नाही. आठ-दहा दिवसांनी आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मेट्रनशी बोलून दुपारी एक तासाची बैठक घेतली. सगळ्या रंगांचे बल्ब टेबलावर मांडले, कशात काय असतं आणि कोणता आधी भरायचा ते सांगितलं, आणि मी त्या रात्रीचं लाल बल्बमधलं सीरम दाखवलं. ते मी फ्रीजमध्ये जपून ठेवलं होतं. त्या सिस्टरही पहिल्या रांगेत होत्या. त्यांचं नाव मी घेतलं नाही, पण त्यांनी स्वतःच हात वर करून सांगितलं, “तो माझा पेशंट होता.”

त्यानंतर दोनेक महिन्यांनी पुन्हा रात्रपाळी. पहाटे चारला फोन वाजला. त्याच सिस्टर. “मॅडम, तेवीस नंबरच्या आजींचं रक्त पाठवलंय, पण सलाइनच्या हाताचं निघालं बहुतेक. मशीनवर लावू नका. मी दुसरं काढून पाठवते, पाच मिनिटं द्या.”

मी वही उघडली. वेळ, वॉर्ड, कारण लिहिलं. ‘कोणी परत पाठवलं’ या रकान्यात आजवर फक्त लॅब असं लिहीत आले होते. त्या दिवशी तिथे वॉर्ड लिहिलं.